क्लेमच्या रांगेतला एक्सल

१

येलांडा या गव्हाच्या मुलखात प्रत्येक शेताच्या मागच्या कुंपणाला लागून मेलेल्या यंत्रांची एक रांग असते. जुने ट्रॅक्टर, दात पडलेली पेरणी यंत्रं, बापजाद्यांच्या काळातले ट्रक. ती कोणी विकत नाही आणि भंगारातही घालत नाही. कोणाला एखादा भाग लागला की तो शेजाऱ्याला विचारतो, पाने-पक्कड घेऊन जातो आणि काढून आणतो. पैशांची भाषा नसते. ज्या यंत्रातून भाग काढला, त्याच्या सीटवर बीअरचं एक खोकं ठेवून यायचं. मालक कधीतरी मेंढ्या बघायला तिकडे गेला की त्याला ते सापडतं. त्यावर पुढे कोणी अवाक्षर काढत नाही.

इल्सा क्लाइनिगला या रिवाजाचा फार अभिमान होता. कॅनडात मातीचा अभ्यास करताना तिथल्या वसतिगृहात, बाहेर बर्फ पडत असताना, तिने कितीजणांना ही गोष्ट सांगितली होती. सांगता सांगता तिचं तिलाच पटत गेलं की अशी माणसं असलेला मुलूख मरू देणं हे पाप आहे. म्हणून पदवी हातात पडल्यावर ती तिथे थांबली नाही.

परत आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर, साखरेच्या डब्याखाली, शेताच्या विक्रीचे कागद होते.

मागच्या उन्हाळ्यात त्या भागातला आग विझवायचा ट्रक वरून हुकूम येऊन मोठ्या गावी हलवला गेला. तिथून यायला त्याला तास लागतो. गव्हाच्या उभ्या पिकाला पेटायला तेवढा वेळ लागत नाही. तिच्या वडिलांनी, मर्व्हने, एकट्याने लहानशी टाकी नि ओली पोती घेऊन गोठ्यापर्यंत आलेली आग अडवली होती. त्याच्या दोन्ही हातांची कातडी कोपरापर्यंत अजून गुलाबी आणि चकचकीत होती.

"शेजारची कंपनी चांगला भाव देतेय," मर्व्ह म्हणाला. "यंदाचं पीक कापतो आणि सही करतो."

"आणि राहणार कुठे?"

"समुद्राकाठी. मासे पकडीन."

"बाबा, तुला मासे आवडत नाहीत."

"खायला नाही आवडत. पकडायला काय जातंय?"

इल्साने साखरेचा डबा उचलून कागदांच्या बरोबर मध्यावर ठेवला. "शेडमधला जुना ट्रक मी कापणीआधी चालता करते. त्यावर मोठी टाकी चढवू. आपली आग आपण विझवू. ट्रक चालला तर सही नाही. बोल."

"अगं, त्याचा मागचा एक्सल माझं लग्न व्हायच्या आधीपासून रडतोय."

"बोल म्हटलं ना."

मर्व्ह हसला. ती परत आल्यापासून पहिल्यांदाच. "चालला तर नाही करत सही," तो म्हणाला. "जा."

ट्रक इंग्लंडहून आलेला, गोल नाकाचा, जवळपास मर्व्हच्याच वयाचा होता. इंजिन ठणठणीत होतं. पण मागे, दोन्ही चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलच्या पोटात, मोठ्या दातेरी चाकाचे निम्मे दात गळून तेलात पडले होते. नवं चाक मागवायचं तर ट्रकच्या किमतीहून महाग. तसाच दुसरा ट्रक साऱ्या येलांडात एकच होता, क्लेम नोस्केच्या रांगेत, अगदी टोकाला, मॅलीच्या झुडपांत अर्धा बुडालेला.

"ने की," क्लेम म्हणाला. तो मर्व्हचा शाळेपासूनचा दोस्त, हातपाय काटकुळे, तोंड मात्र सैल. "मला काय त्याचं लोणचं घालायचंय? आणि ते बीअरचं वगैरे काही नको हं. आता कोण ठेवतंय!"

"मी ठेवते."

"काय गं, कॅनडात जाऊन हेच शिकलीस?"

"विसरू नये एवढं शिकले."

क्लेमने रांगेच्या टोकाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बरं, मग घरी आणून दे. थंडगार पिऊ. आणि हे बघ, खालून काय काढायचं ते काढ, दारंबिरं उघडत बसू नकोस. लाल पाठीचे कोळी असतात त्यात."

घरी आणून दे म्हणजे रिवाज मोडला. इल्साने मनाशी म्हटलं, हेच ते. असंच एकेक करून सगळं जातं, आणि मग साखरेच्या डब्याखाली कागद येतात.

एक्सल काढायला सारा दिवस गेला. गंजलेले यू-बोल्ट कापले, चाकांसकट एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांखालून ओढून काढला, साखळीने ट्रेलरवर चढवला. मग ती खोकं घेऊन पुढे आली. चालकाचं दार गंजून चौकटीशी एकजीव झालेलं. ती वळसा घालून डावीकडे गेली.

डावं दार बाहेरून तारेने बांधलं होतं. कुंपणाची तार, हँडलपासून पायरीपर्यंत, वेढ्यावर वेढा. सगळ्यात आतले वेढे गंजून लाल पूड झालेले. त्यांवरचे काळे पडलेले. त्यांवरचे करडे. आणि सगळ्यात वरचा एक वेढा नवा, उन्हात चमकणारा.

वाऱ्याने दार आपटत असेल, इल्साला वाटलं. क्लेम मुळातच नीटनेटका. तिने पक्कडीने तारा कापल्या.

दार अगदी सहज उघडलं. आत सगळीकडे धुळीचा जाड थर, उंदरांची घरटी, फाटून लोंबणारं छत. डावीकडची सीट मात्र स्वच्छ होती. रोज बसण्यातली खुर्ची असते तशी मध्ये दबलेली, घासून गुळगुळीत झालेली. कोळी कुठे दिसला नाही. तिने खोकं सीटवर ठेवलं, दार लोटलं आणि ट्रेलर ओढत आपल्या गाडीने समाधानाने घराकडे निघाली.

२

येलांडाच्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की माणसं स्टिअरिंगवरचा हात न काढता बोट उचलतात. असं बऱ्याच मुलखांत करतात. पण इथे गाडीत जितकी माणसं तितकी बोटं. तुझ्या गाडीत मला इतके दिसले, असं समोरच्याला सांगायचं. ही सवय आगींमुळे पडली. धुरात शिरणारी गाडी किती जणांना घेऊन गेली आणि किती जणांना घेऊन बाहेर आली, हे फाटकावर उभ्या असलेल्याला कळायला हवं. त्यामुळे या मोजणीत कोणी थट्टा करत नाही. चार वर्षांची पोरंसुद्धा नाही.

डांबरी रस्त्याला लागल्यावर समोरून डॉट आली. ती येलांडातलं एकुलतं एक दुकान चालवायची आणि तिच्याच व्हॅनमधून टपालही वाटायची. इल्साने एक बोट उचललं.

डॉटने दोन उचलली.

इल्सा पुढे जाऊन हसली. डॉटच्या चष्म्याचा नंबर वाढला असणार. तरीही तिने एकदा डावीकडे पाहिलं. सीटवर तिची टोपी आणि पाण्याची बाटली होती. बाटली दाराच्या बाजूला, अगदी कडेला सरकली होती. शेजारी कोणी ऐसपैस बसलं की सरकवावी लागते, तशी.

वळणावर सरकली असेल. रस्ता सरळ होता, हे तिला घरी पोचल्यावर आठवलं.

३

शेडच्या पत्र्यावर दुपारचं ऊन पडलं की पत्रा टणटण वाजतो. त्या आवाजात इल्सा लहानाची मोठी झाली होती. मर्व्ह शहरात टाकी आणायला गेला होता. एक्सल बसला होता, पाटे आवळून झाले होते, मागची दोन्ही चाकं ठोकळ्यांवर अधांतरी होती.

गाडी गिअरमध्ये ठेवून मागचं एक चाक हाताने पुढे फिरवलं की पलीकडचं मागे फिरतं. डिफरन्शियलचा तो स्वभावच आहे. पलीकडे कोणी बसून आपल्या उलट हात चालवतंय असं वाटतं. लहानपणी ती या बाजूला आणि मर्व्ह त्या बाजूला बसून हा खेळ खेळत. आत्ताही तिने उजवं चाक फिरवलं. पलीकडचं डावं उलट फिरलं. दातांचा मऊ, भरीव आवाज आला. आतलं दातेरी चाक चांगलं होतं. तिला एकटीलाच टाळी वाजवावीशी वाटली.

उजव्या चाकातून तेल पाझरत होतं, म्हणून तिने त्या बाजूचे बोल्ट सोडून आतला शाफ्ट ओढून काढला. हातभर लांब, तेलकट, जड. तो बाहेर आला की चाक आणि डिफरन्शियल यांचा काही संबंध राहत नाही. चाक नुसतं आपल्या बेअरिंगवर फिरतं. तिने नवं सील बसवलं आणि बेअरिंग खरखरतं का पाहायला चाक हाताने फिरवलं.

पलीकडे डावं चाक फिरलं. उलट दिशेने.

ती थांबली. तेही थांबलं. जरासं उशिरा.

शाफ्ट तिच्या गुडघ्याजवळ पोत्यावर पडला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, हात लावून पाहिला. मग ती विचार करू लागली, कारण विचार करायला ती शिकली होती. वारा. पण शेडची दारं बंद होती. ठोकळे हलले असतील. हलले नव्हते. मघाच्या फिरण्याचा जोर उरला असेल. इतका वेळ?

ती उठून पलीकडे गेली, डाव्या टायरवर खालच्या बाजूला खडूने रेघ ओढली आणि परत आली. उजवं चाक फिरवलं नाही. नुसता तळवा टेकून बसली, आणि गाडीच्या खालून पलीकडची पांढरी रेघ बघत राहिली.

पत्रा टणटणत होता. मग थांबला.

रेघ हलली. सावकाश, चाचपल्यासारखी वर सरकत गेली आणि टायरच्या आड दिसेनाशी झाली. त्याच वेळी तिच्या तळव्याखालचं चाक, कशाशीही न जोडलेलं, तिच्या हाताला हळूच ढकलू लागलं.

मर्व्हची गाडी अंगणात शिरली तेव्हा इल्सा बाहेर उन्हात उभी होती.

"काय गं, भूत बघितल्यासारखी उभी का?"

"उकडत होतं आत."

"बाहेर तर भट्टी आहे!" तो शेडमध्ये गेला. थोड्या वेळाने त्याची शीळ ऐकू आली. मर्व्ह शीळ घालत होता. आई गेल्यापासून तिने ती ऐकली नव्हती.

तिने आत जाऊन शाफ्ट बसवला, बोल्ट आवळले. खडूची रेघ पुसून टाकली.

४

ट्रक चालला. नुसता चालला नाही, टाकी भरून, डुलत डुलत, म्हाताऱ्या हत्तीसारखा गावापर्यंत गेला. इल्साचं काळीज आनंदाने उड्या मारत होतं, आणि तिने ठरवलं होतं की डावीकडे बघायचं नाही. बघण्यासारखं काही नाहीच, तर बघायचं कशाला.

समोरून आलेल्या गाड्यांनी बोटं उचलली. तिने ती मोजली नाहीत. मोजली नाहीत असं तिने स्वतःला सांगितलं.

डॉटच्या दुकानात पेस्ट्रीचा नि भाजलेल्या बटाट्याचा वास भरला होता. डॉटने काचेतून ट्रककडे बघून मान डोलावली. "उठवलंस की गं मढ्याला! मर्व्ह काय म्हणतो?"

"शीळ घालतोय."

"अग्गोबाई!" डॉटने कागदाच्या पिशवीत बटाटा भरलेली गरम पास्टी घातली. मग दुसरी घातली. "ही दुकानाकडून. एक तुला, एक त्याला."

"बाबाला? तो घरी आहे."

"मर्व्हला कशाला? त्याला गं." तिने हनुवटीने बाहेर दाखवलं. "कॅनडाचा का? परवापण बघितला तुझ्या गाडीत. उतरत का नाही तो? मी काय खाते का माणसाला?"

इल्साच्या हातातली पिशवी एकदम फार गरम झाली. "कसा आहे दिसायला?" तिने विचारलं. तिला हसून विचारायचं होतं.

"मला विचारतेस? अगं, मान खाली घालून बसलाय. लाजाळू आहे वाटतं." डॉटने डोळे बारीक केले. "नाही म्हणजे, उंच आहे बाई. मान खाली घालूनसुद्धा डोकं छताला लागतंय."

इल्सा बाहेर आली. उन्हात ट्रक उभा होता. डावीकडची सीट रिकामी होती. तिने दोन्ही पास्ट्या दुकानामागच्या कुत्र्यापुढे टाकल्या. कुत्रा खायला आला, ट्रकच्या सावलीपर्यंत येऊन थांबला आणि पोट जमिनीला टेकवून मागे मागे सरकत गेला.

५

"खोकं आणलं नाहीस," क्लेम म्हणाला. तो ट्रक बघायला आला होता. मर्व्ह टाकीवर चढून पंप जोडत होता आणि शेजारच्या शेतापर्यंत जाईल अशा आवाजात पंपाला शिव्या देत होता.

"ठेवलं की. सीटवर. रिवाजाप्रमाणे."

"चालकाच्या दारानं?"

"ते गंजलंय. डावीकडून."

क्लेमने चहाचा कप ट्रकच्या पायरीवर ठेवला. ठेवताना तो कलंडला, पण त्याने उचलला नाही. "तारा होत्या," तो म्हणाला.

"कापल्या. का?"

 क्लेम तडक आपल्या गाडीत बसून गेला. संध्याकाळी उन्हं कलताना परत आला, पण उतरला नाही. इल्सा त्याच्या खिडकीशी गेली. त्याची बोटं तारेने ओरबाडली होती.

"बांधून आलो परत."

"मग झालं तर."

"खोकं होतं तिथं. एकही डबा उघडलेला नाही. झाकणं जशीच्या तशी." त्याने ओरबाडलेली बोटं पँटला पुसली. "हातात घेतले तर सगळे रिकामे."

"क्लेम, कोण आहे ते?"

"माझ्या बापानं मला बांधायला सांगितलं. दरवर्षी एक वेढा. मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. बस." त्याने गाडी सुरू केली, परत बंद केली. "तू असं कर, एक्सल काढ आणि माझ्याकडं आणून टाक. उद्याच्या उद्या."

"परवा कापणी सुरू होतेय."

"मग होऊ दे."

"क्लेम, एक्सल काढला तर बाबा सही करणार. तुला माहितीये. तो समुद्राकाठी जाऊन वर्षभरात मरेल."

क्लेमने टाकीवर उभ्या असलेल्या मर्व्हकडे पाहिलं. मर्व्हने पंप सुरू केला होता आणि पाण्याचा फवारा थेट क्लेमच्या गाडीवर सोडून तो लहान पोरासारखा खिदळत होता.

"अरे ए भाड्या!" क्लेम ओरडला. पण आवाजात जोर नव्हता. निघताना तो इल्साला हळूच म्हणाला, "कोणाला त्या सीटवर बसू देऊ नकोस. मला दुसरं काही सुचत नाही."

६

त्याच संध्याकाळी इल्साने डावीकडची सीट उखडली. चार बोल्ट होते, सहज निघाले. सीट तिने भट्टीत जाळली आणि त्या जागी पान्यांची लोखंडी पेटी ठेवून खिळवून टाकली.

तिला बरं वाटलं. सीट नाही तर बसणार कुठे? ती स्वतःशीच वाद घालत राहिली. चाकं फिरली ती तेलाच्या ताणाने. डॉटला काचेवरच्या उजेडात काहीतरी भासलं. बीअरचे डबे उन्हाने फुगतात, झिरपतात. एकेक गोष्ट वेगळी घेतली की तिचं उत्तर सापडत होतं. सगळ्या एकत्र मात्र ती घेत नव्हती.

"आणि मी कुठे बसू?" मर्व्हने विचारलं.

"मागे. टाकीपाशी. पंप तिथंच तर आहे."

"वा! बापाला सामानात टाकलं!" पण त्याला ते आवडलेलं दिसलं. त्याने टाकीपुढे उभं राहायला एक लोखंडी कठडा जोडला आणि केबिनच्या मागच्या काचेवर बोटाने वाजवून दाखवलं. "एक टकटक म्हणजे थांब. मी उतरतोय. दोन म्हणजे चल. ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मग घोकून ठेव. शिकलेल्या माणसांच्या डोक्यात साध्या गोष्टी राहत नाहीत."

रात्री जेवणानंतर त्याने साखरेचा डबा उचलला, कागद काढले, चुलीत घातले आणि झोपायला गेला. इल्सा बराच वेळ त्या राखेकडे बघत बसली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. आता क्लेमचं ऐकायला जागाच उरली नव्हती.

७

कापणीच्या चौथ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला, तोंडावर कोणी भट्टीचं दार उघडावं तसा. दुपारी क्लेमच्या शेताच्या हद्दीवर कुठल्याशा यंत्राची ठिणगी पडली. धूर आधी पिवळा उठला, मग करडा.

ट्रक पहिल्या चावीला सुरू झाला. मर्व्ह मागे कठड्याला धरून उभा राहिला, गळ्यात ओला टॉवेल, आणि त्याने काचेवर दोनदा वाजवलं. चल.

फाटकावर क्लेम उभा होता. आत जाणारी प्रत्येक गाडी मोजायचं काम त्याच्याकडे होतं. आपल्या गाडीत किती जण ते सांगायला इल्साने दोन बोटं उचलली. एक ती, एक बाबा.

क्लेमचा हात वर गेला. आधी दोन बोटं. मग त्याची नजर केबिनमध्ये, डावीकडे, वर छताकडे सरकली आणि तिसरं बोट उघडलं. तो काहीतरी ओरडला. इंजिनात ते ऐकू आलं नाही. तिने दोन बोटं तशीच ताठ धरली आणि ट्रक आत घातला.

पुढचा अर्धा तास ती सुखात होती. हे तिला नंतरही आठवणार होतं. भीतीला जागाच नव्हती. आधीच जळून काळ्या झालेल्या जमिनीवरून ती आगीच्या कडेकडेने ट्रक हाकत होती, मागून पाण्याचा पट्टा सपसप पडत होता, ज्वाळा मान टाकत होत्या. एक्सल जराही कुरकुरत नव्हता. दूर, वाचलेल्या पिकापलीकडे, त्यांच्या घराचं छप्पर अजून पांढरं दिसत होतं. जमतंय, ती म्हणाली. बाबा, जमतंय.

मग वारा फिरला.

उन्हाळ्यात तो असाच फिरतो, एका क्षणात, दक्षिणेकडून. धूर उलटून अंगावर आला आणि काचेपलीकडे काही उरलं नाही. नाकासमोरचा तांबडा, जाड अंधार. काचेवर एक टकटक झाली. थांब. तिने ब्रेक दाबला. नळी कशात तरी अडकली असणार, बाबा उतरला असणार. ट्रक जरासा वर उचलला गेल्यासारखा झाला. डावीकडचा पत्रा उष्णतेने कुरकुरला. ती मोठमोठ्याने श्वास घेत होती. केबिनमध्ये तिच्या श्वासापेक्षा एक श्वास जास्त होता, पण धुरात सगळेच आवाज चुकतात.

टक. टक.

आवाज जरा बोथट होता. दोन म्हणजे चल. तिने ट्रक पुढे घातला, आंधळेपणाने, कुंपणाच्या अंदाजाने. एकदा टायरखाली नळी वळवळल्यासारखी वाटली. मग खालची जमीन गुळगुळीत झाली, धूर विरळ होत गेला, आणि समोर फाटक होतं, फाटकात क्लेम होता.

तो वाकून ट्रकच्या मागे बघत होता. मग त्याने केबिनमध्ये पाहिलं, आणि त्याच्या काजळलेल्या चेहऱ्यावर हसू फुटलं. त्याने हात उंच केला. दोन बोटं. दोनच.

इल्साने ब्रेक दाबला. दोन. आत तीन गेले होते, बाहेर दोन आले. ते तिथेच राहिलं, आगीत. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"इल्सा!" क्लेम धावत येत ओरडत होता. "मर्व्हला आत घेतलंस ते बरं केलंस! मागे भाजला असता गडी!"

तिने डावीकडे पाहिलं नाही. समोर पाहत, मानही न वळवता, तिने हात मागे नेला आणि काचेवर बोटाने दोनदा वाजवलं.

मागे, लांब, आग गवतातून सरसरत होती. काच गप्प होती.

तिने पुन्हा वाजवलं. बाबा.

मग तिच्या कोपराजवळून, पान्यांच्या लोखंडी पेटीवर, कोणीतरी शांतपणे उत्तर दिलं.

टक. टक.

दोन म्हणजे चल.